परदेशची शिकवणी

महाविद्यालयाची पदवी हातीं पडतांच वर्ष-दोन वर्षांकरितां परदेशीं जावें, तेथील एखाद्या शाळेंत इंग्रजी शिकवावें, चार पैसे गांठीस बांधावे, जग पाहावें आणि मग परत येऊन पुढील आयुष्याचा विचार करावा, ही कल्पना ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील घरांतून आतां नवलाची राहिलेली नाहीं. जोशी-बेडेकर, बिर्ला किंवा पेंढरकर महाविद्यालयांतून बाहेर पडलेला पदवीधर अशा जागेची चौकशी करूं लागला म्हणजे घरांतील वडील माणसें ‘हातचें सोडून पळत्याच्या पाठीं’ ही म्हण एकवार ऐकवितात आणि मग दोनच प्रश्न विचारतात: पगार काय, आणि अट काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर लवकर मिळतें. दुसऱ्या प्रश्नामागें मात्र जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्याचें पहिलें पान कल्याणच्याच एका कुटुंबाशीं निगडित आहे.

कल्याण हें ठाणें जिल्ह्यांतील जुनें बंदर. बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास पोंचली आणि पुढल्या वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, तो लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. डोंबिवली त्या वेळीं भातशेतीचें खेडें होतें. आगगाडीनें टपाल आणलें, आणि टपालकचेऱ्यांना इंग्रजी पत्ते वाचूं शकणारे कारकून लागूं लागले. अशा कारकुनांपैकीं एक, गोपाळ विनायक जोशी, कल्याणच्या टपालकचेरींत नोकरीस होते. १८७४ सालीं त्यांचा विवाह कल्याणच्या गणपतराव जोशी यांच्या यमुना नांवाच्या कन्येशीं झाला. मुलगी नऊ वर्षांची. वर बिजवर आणि तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं मोठा. मुलीला शिकविण्यास माहेरच्या माणसांनीं आडकाठी करूं नये, अशी अट त्यांनीं विवाहापूर्वींच घातली होती असें चरित्रकार सांगतात. हीच मुलगी पुढें डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आली. तिची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्या परदेशगमनाचा आरंभ तिच्या विद्येपासून झाला नसून तिच्या पतीच्या नोकरीच्या अर्जापासून झाला, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

कल्याणहून गोपाळरावांची बदली अलिबागेस झाली आणि पुढें ते कोल्हापुरास गेले. पत्नीस घेऊन फिरावयास निघावें तर लोक रस्त्यांत हंसत. तिला शाळेंत घालावें तर मिशनच्या शाळेवांचून दुसरी सोय नव्हती. ज्या देशांत स्त्रिया उघडपणें शिकतात त्या देशांत जाऊन राहावें, असें त्यांच्या मनानें घेतलें. पण जावयाचें तर पोट भरावयास हवें. अमेरिकेविषयीं खात्रीची माहिती देऊं शकेल असा मनुष्य सामान्य गृहस्थास त्या काळीं एकच आढळे, तो म्हणजे गांवांतील मिशनरी. कोल्हापुरांत त्या वेळीं गोहीन नांवाचे अमेरिकन मिशनरी होते. त्यांच्या ओळखीनें गोपाळरावांनीं १८७८ सालीं प्रिन्स्टन येथील रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांस पत्र धाडलें. वाइल्डर हे कोल्हापुराला परके नव्हते. १८५२ पासून त्यांनीं तेथें मिशनचें काम केलें होतें आणि मायदेशीं परतल्यावर ते ‘मिशनरी रिव्ह्यू’ नांवाचें मासिक चालवीत होते. पत्रांतील मागणी अगदीं साधी होती. पत्नीस अमेरिकेंत शिक्षण द्यावयाचें आहे. तें चालू असतां आपला चरितार्थ चालेल असें कांहीं काम तेथें मिळवून देतां येईल काय?

या पत्राकडे केवळ एका विक्षिप्त माणसाची लहर म्हणून पाहण्याची पद्धत पडली आहे. गोपाळराव विक्षिप्त होते यांत संशय नाहीं. तथापि नोकरीच्या बाजाराच्या दृष्टीनें पाहिलें तर या पत्रांत एक मोठी अडचण स्पष्ट दिसते. गोपाळरावांजवळ विकावयास काय होतें? इंग्रजीचें ज्ञान. कल्याणांत, अलिबागेंत किंवा कोल्हापुरांत त्या ज्ञानाला सरकारी पगार मिळे. प्रिन्स्टनमध्यें तें ज्ञान रस्त्यावरच्या पोरासही होतें. ज्या मालाला ठाणें जिल्ह्यांत भाव, तो माल अमेरिकेंत कवडीमोल! उरलें मराठी. पण मराठी शिकण्याची गरज अमेरिकेंत कोणाला असणार? महाराष्ट्रांत धर्मप्रसारासाठीं जाणाऱ्या तरुण मिशनऱ्यांना, आणि त्यांनाच. म्हणजे एका मराठी सुशिक्षिताच्या विद्येला समुद्रापलीकडे गिऱ्हाईक एकच उरलें होतें, आणि जेथें गिऱ्हाईक एकच असतें तेथें सौद्याची अटही तेंच घालतें.

वाइल्डर यांचें उत्तर त्या अटीला धरूनच आलें. गोपाळरावांनीं ख्रिस्ताचा स्वीकार करावा, हा त्याचा मथितार्थ होता. परधर्मी राहून अमेरिकेस येण्यास त्यांनीं उत्तेजन दिलें नाहीं. हा सर्व पत्रव्यवहार त्यांनीं आपल्या मासिकांतही छापला. त्यांची दानत वाईट होती असें म्हणण्याचें कारण नाहीं. त्यांच्या दृष्टीनें ती सरळ गोष्ट होती: मिशनचा पैसा मिशनच्या कार्यासाठीं. परंतु ज्या मनुष्यानें नोकरी मागितली त्याच्या पदरीं उपदेश पडला, आणि खाजगी मागणी छापून जगापुढें मांडली गेली. तसें छापलें गेलें नसतें तर पुढील हकीकत घडलीच नसती, हेंही तितकेंच खरें. १८८० सालीं न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं आलें. मिशनऱ्यानें दिलेल्या उत्तरापेक्षां कारकुनानें केलेली विनंति त्यांच्या मनाला अधिक लागली, आणि त्यांनीं आपण होऊन आनंदीबाईंस पत्र लिहिलें. पत्रापत्रीं वाढली, स्नेह जमला, आणि आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणूं लागल्या. नोकरीच्या अर्जानें जें साधलें नाहीं तें एका घरच्या ओलाव्यानें साधलें.

या अवधींत जोशी पतिपत्नी मुंबई, भूज असे मुक्काम करीत कलकत्त्याच्या बाजूस गेलीं होतीं. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांतच दगावलें, आणि वैद्यकी शिकण्याचा आनंदीबाईंचा निश्चय त्या दुःखांतून दृढ झाला. गोपाळरावांस अमेरिकेंत काम मिळण्याचें चिन्ह दिसेना. तेव्हां दोघांनीं मिळून जाण्याचा मूळ बेत सोडून पत्नीनेंच एकटीनें जावें असें ठरलें. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूरच्या कॉलेजांत आनंदीबाईंनीं इंग्रजींत जें भाषण केलें, त्यांत आपण हिंदु म्हणून जाणार आणि हिंदु म्हणूनच परत येणार, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. वाइल्डर यांच्या अटीला पांच वर्षांनीं दिलेलें हें उत्तर होय, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. ७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं ११ मार्च १८८६ रोजीं संपादन केली.

गोपाळरावांचें काय झालें? पुढें तेही अमेरिकेस गेले. तेथें त्यांना शाळेंत जागा मिळाली नाहीं, पण व्याख्यानाचें व्यासपीठ मिळालें. हिंदुस्थानासंबंधीं ऐकण्यास जमलेल्या अमेरिकन श्रोत्यांना त्यांनीं अमेरिकन समाजाचे आणि ख्रिस्ती लोकांचे दोष सुनावण्यास आरंभ केला! यजमान कार्पेंटर कुटुंबाची त्यामुळें पंचाईत होई. याच गृहस्थांनीं १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें न्यायमूर्ति रानडे, टिळक प्रभृति मंडळींस व्याख्यानाच्या निमित्तानें जमविलें, आणि तेथें पुढें आलेल्या चहाचें प्रकरण चव्हाट्यावर आणून सगळ्या पुण्यास प्रायश्चित्ताच्या वादांत लोटलें. त्यांचा स्वभाव ध्यानांत घेतां, कोल्हापूरच्या पत्राचें उत्तर अनुकूल येऊन ते एखाद्या अमेरिकन मिशनमध्यें मराठीचे पंतोजी झाले असते, तर ती नोकरी फार दिवस टिकली असती असें वाटत नाहीं. आनंदीबाई मात्र कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रीविभागाच्या डॉक्टर म्हणून नेमणूक घेऊन परतल्या. पण ती जागा त्यांच्या हातून चालविली गेली नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थि कार्पेंटर मावशींनीं न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवल्या.

ज्या एप्रिल महिन्यांत आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, त्याच महिन्यांत त्यांच्या दूरच्या नात्यांतल्या एक विधवा बाई दोन वर्षांच्या मुलीस कडेवर घेऊन मुंबईहून इंग्लंडास निघाल्या. त्या पंडिता रमाबाई. त्यांची हकीकत अधिक विस्तारानें सांगणें जरूर आहे. कारण परदेशीं शिकविण्याचें काम खरोखर मिळालेल्या आणि त्या कामाची पुरी किंमत मोजाव्या लागलेल्या मराठी विद्वानांत त्या पहिल्यांपैकीं होत.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेची पर्वा न करतां पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं तें रमाबाईंस शिकविलें. आईबाप दुष्काळांत गेल्यावर रमाबाई भावासह देशभर पायीं फिरल्या, आणि १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पति बिपिन बिहारी मेधावी १८८२ सालीं वारले. त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षक आणि स्त्रीवैद्य यांच्या गरजेविषयीं साक्ष दिली, आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें. इंग्लंडच्या प्रवासखर्चाला या पुस्तकाच्या उत्पन्नाची मदत झाली. वैद्यक शिकावें हा हेतु. पण इंग्रजी कच्चें, आणि जवळ पैसा नाहीं.

येथें शिकवणीचा सौदा आला. पुण्यांत वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या संघाचें काम चालू होतें. इंग्लंडांतून पुण्यास येऊं घातलेल्या भगिनींना मराठी येणें अवश्य होतें. तेव्हां रमाबाईंनीं वॉन्टेजला राहून त्यांना मराठी शिकवावें आणि बदल्यांत राहण्याजेवण्याची व इंग्रजी शिकण्याची सोय घ्यावी, असें ठरलें. गोपाळरावांनीं ज्या गिऱ्हाइकाचें दार ठोठावलें होतें त्याच जातीचें हें गिऱ्हाईक. फरक एवढाच कीं येथें खरी गरज होती आणि गरजेचा माल रमाबाईंजवळ होता. भाषेच्या बदल्यांत भाषा, असा हा रोकडा व्यवहार. कागदावर पाहिलें तर याहून निर्दोष करार सुचणें कठीण.

परंतु करार कागदावरचा आणि जगणें मठांतलें. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या सोबतिणीनें वॉन्टेजला थोड्याच महिन्यांत आपल्या हातानें जीवनाचा शेवट करून घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. निघण्यापूर्वीं आपण धर्मांतर करणार नाहीं असें त्या म्हणत होत्या. तेव्हां हें सक्तीनें घडलें कीं श्रद्धेनें, हा वाद पुण्यांत तेव्हांच पेटला आणि पुढें फार दिवस धुमसत राहिला. रमाबाई पुढें चाळीस वर्षें आपल्या श्रद्धेला धरून राहिल्या, यावरून ती त्यांची स्वतःची होती हें उघड आहे. तथापि ज्यांच्या घरीं अन्न खावयाचें, ज्यांच्याकडून विद्या घ्यावयाची, त्यांच्याच देवळांत निर्णय घेणाऱ्या पंचवीस वर्षांच्या परदेशस्थ विधवेची स्थिति कशी होती, याचा विचार त्या वेळच्या टीकाकारांनीं फारसा केला नाहीं. तिच्या यजमानांनींही केला नाहीं.

ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें वैद्यकीचा विचार सोडावा लागला. १८८४ सालीं त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत आल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील ही मोठ्या मनाची आणि स्वतंत्र बुद्धीची बाई होती. रमाबाईंनीं तेथें गणित, सृष्टिशास्त्र आणि इंग्रजी वाङ्मय शिकावें व संस्कृत शिकवावें, अशी व्यवस्था तिनें लाविली. सकाळीं वर्गांत विद्यार्थिनी म्हणून बसावें आणि दुपारीं त्याच इमारतींत अध्यापिका म्हणून उभें राहावें, असा हा दोन वर्षांचा क्रम. परदेशीं शिकत असतां शिकवून राहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांस तो अनोळखी वाटणार नाहीं.

आणि याच ठिकाणीं ती प्रसिद्ध अडचण उत्पन्न झाली. हिंदुस्थानांत नोकरीस जाणाऱ्या इंग्रज तरुणांनाही रमाबाईंनीं शिकवावें, अशी सूचना पुढें आली. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनीं तीस हरकत घेतली. त्यांचें म्हणणें असें कीं, ही बाई पुरुषांना शिकविते हें हिंदुस्थानांत कळलें तर तेथील स्त्रियांवरचा तिचा प्रभाव नष्ट होईल. हा युक्तिवाद मोठा चमत्कारिक आहे. जिनें कलकत्त्यांत पंडितांच्या भरल्या सभेंत शास्त्रार्थ केला, जिचीं पुराणें ऐकावयास गांवोगांवचे पुरुष जमले, तिनें चेल्टनहॅमच्या बंद खोलींत चार तरुणांस संस्कृत शब्द चालवून दाखविले तर हिंदुस्थान बिथरेल, असें इंग्लंडांत बसून ठरविण्यांत आलें! रमाबाईंनीं बीलबाईंस जें पत्र लिहिलें तें त्यांच्या पत्रसंग्रहांत आहे. तो संग्रह १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. आपल्या आईनें किंवा आपण तरुणांना शिकविण्यास आपल्या वडिलांनीं हरकत घेतली नाहीं, पतीनेंही घेतली नाहीं, आणि ती इंग्रज लोक घेत आहेत याचें आपणांस आश्चर्य वाटतें, असा त्या पत्राचा आशय आहे. आश्चर्य हा शब्द सौम्य आहे. पत्राचा सूर तितका सौम्य नाहीं.

धर्माचा प्रश्न येथें उरला नव्हता, कारण रमाबाई आतां त्याच चर्चच्या होत्या. भाषेचाही उरला नव्हता. कोणाला शिकवावें आणि कोणाला शिकवूं नये हें ठरविण्याचा अधिकार शिकविणारणीकडे नाहीं, एवढाच त्या हरकतीचा अर्थ होता. तो बेत पुढें सरला नाहीं. १८८६ च्या आरंभीं फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री डॉ. रेचेल बॉडली यांनीं आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाचें बोलावणें धाडलें, तेव्हां रमाबाईंनीं तें स्वीकारलें. इंग्लंडांतील हितचिंतकांना तें फारसें रुचलें नाहीं. थोड्या दिवसांसाठीं म्हणून गेलेल्या रमाबाई तीन वर्षें अमेरिकेंत राहिल्या. तेथें त्यांनीं फ्रोबेलची बालशिक्षणपद्धति अभ्यासिली, व्याख्यानें दिलीं, १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून तें आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केलें, आणि बोस्टनला आपल्या कार्यासाठीं मंडळ उभें केलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें तें या पैशावर. त्या शाळेची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढें महर्षि कर्वे यांची पत्नी झाली. चेल्टनहॅमला कोणाला शिकवावें हें दुसऱ्यांनीं ठरविलें. शारदासदनांत तें रमाबाईंनीं ठरविलें.

अट नेहमीं धर्माची किंवा मर्यादेचीच असते असें नाहीं. कधीं ती नांवाची असते. गोमंतकांतील सांखवाळ गांवीं १८७६ सालीं जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनीं कोणतेंही महाविद्यालय पाहिलें नव्हतें. बुद्धाच्या शोधार्थ ते घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे भटकले आणि पाली भाषेंत त्यांनीं असाधारण अधिकार मिळविला. कलकत्त्याची प्राध्यापकी सोडून त्यांनीं सयाजीराव गायकवाडांचें दरमहा पन्नास रुपयांचें साहाय्य पत्करलें, कारण महाराष्ट्रांत राहून काम करतां यावें. हार्वर्डच्या जेम्स वुड्स यांच्याशीं त्यांची ओळख झाली, आणि १९१० सालीं त्यांस अमेरिकेचें बोलावणें आलें. वॉरन या विद्वानानें ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचें काम हातीं घेतलें होतें. तो वारल्यामुळें तें अपुरें राहिलें होतें आणि प्राध्यापक लॅनमन यांच्या देखरेखीखालीं तें पुरें व्हावयाचें होतें. पदवीवांचून, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीवर, एक मराठी मनुष्य हार्वर्डमध्यें मुदतीच्या कामावर रुजू झाला! आजच्या अर्जाच्या छापील नमुन्यांत त्यांना पहिल्याच रकान्यांत नापास करण्यांत आलें असतें.

काम झालें, पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नांव कसें यावें यावरून लॅनमन आणि कोसंबी यांचें बिनसलें. साहाय्यक म्हणून उल्लेख व्हावा हें कोसंबींस मान्य नव्हतें. १९१२ सालीं ते परत आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकवूं लागले. पुढें ते पुन्हां हार्वर्डला गेले, एकदां नव्हे तर तीनदां. १९२९ सालीं लेनिनग्राडलाही त्यांनीं पाली शिकविली. १९४० सालीं त्यांनीं ‘विसुद्धिमग्गा’ची आपली नागरी आवृत्ति भारतीय विद्याभवनातर्फे प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ति निघाली १९५० सालीं. कोसंबी त्यापूर्वीं तीन वर्षें, ४ जून १९४७ रोजीं, सेवाग्रामास निवर्तले होते.

या तिघांपैकीं कोणीही परदेशांत इंग्रजी शिकविली नाहीं, हें लक्ष्यांत ठेवण्याजोगें आहे. मराठी, संस्कृत, पाली हें त्यांचें भांडवल. इंग्रजी हें त्यांनीं विकत घ्यावयाचें किंवा सांभाळून न्यावयाचें. इंग्रजी हाच विक्रीचा माल होण्यास दुसरें महायुद्ध संपावें लागलें. इथिओपियाच्या सम्राट हैले सेलासी यांनीं १९४१ नंतर आपल्या देशांत शाळा काढण्याचा सपाटा लाविला. वरच्या वर्गांचें माध्यम इंग्रजी, आणि शिक्षक मात्र नाहींत. तेव्हां हिंदुस्थानांतून शिक्षक नेण्यांत आले. १९५० आणि १९६० च्या दशकांत दूरदूरच्या गांवीं भारतीय मास्तर करारानें राहून इंग्रजी, गणित आणि शास्त्र शिकवीत असत. १९७४ च्या राज्यक्रांतीनंतर ती वाट अरुंद झाली. पेट्रोलचे भाव चढल्यावर नायजेरियानें १९७६ सालीं सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना हातीं घेतली आणि तिकडे ओघ वळला. येथें धर्म कोणी विचारला नाहीं, उच्चारही कोणी फारसा तपासला नाहीं. अडला हरि गाढवाचे पाय धरी. मग चांगल्या शिक्षकाचे कां धरणार नाहीं?

पूर्व आशियांतील देशांनीं इंग्रजी शिक्षक बोलावण्यास आरंभ केला तेव्हां अटीचें रूप पुन्हां बदललें. जपानची सरकारी योजना १९८७ सालीं सुरू झाली ती अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांच्या पदवीधरांपुरती. पुढें तिच्यांत इतर देश आले. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकाचा परवाना इंग्रजीसाठीं सात देशांच्या नागरिकांना मिळतो: वरील चार, शिवाय कॅनडा, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादींत हिंदुस्थान नाहीं. पहिलीपासून इंग्रजी माध्यमांत शिकलेली, इंग्रजींत विचार करणारी डोंबिवलीची मुलगी आणि पदवीपुरतें कोणतेंही शास्त्र शिकलेला कॅनडाचा मुलगा यांच्यामध्यें निवड होतांना प्रथम पारपत्राचें मुखपृष्ठ पाहिलें जातें, वर्गांतील धडा मागाहून. वाइल्डर यांनीं निदान पालटतां येण्याजोगी गोष्ट मागितली होती!

या भिंतींत एक दार मात्र करारानें पाडलें गेलें. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यांत झालेला आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० रोजीं अमलांत आला. पोलाद, मोटारी, जकात यांच्या कलमांबरोबरच भारतीय इंग्रजी शिक्षकांची सोय त्या करारांत आहे. पदवीबरोबर शिक्षकाचा परवाना ज्याच्याजवळ असेल त्या भारतीयास कोरियन शाळेंत इंग्रजी शिकवितां येतें. सातांच्या यादींतील तरुणास पदवी पुरते; भारतीयास शिक्षणशास्त्राचा अभ्यास वेगळा करावा लागतो. म्हणून कल्याण-डोंबिवलीच्या ज्या पदवीधराचें मन तिकडे ओढ घेत असेल त्यानें जागेच्या चौकशीपूर्वीं बी.एड.ची चौकशी करावी हें बरें. मात्र ही जागा वर्गशिक्षकाची नसते, साहाय्यकाची असते. वर्ग कोरियन शिक्षकाचा. भारतीयानें त्याच्या शेजारीं उभें राहावयाचें.